वैद्यराज गार्सिया द ओर्ता : मृत्यूनंतरही ज्यांना शांती लाभली नाही

सुट्टीच्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतील मुले बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहलीला जातात आणि कान्हेरीच्या लेण्यांत मनसोक्त हिंडून येतात. ह्या लेण्यांची वार्ता छापील ग्रंथाद्वारे युरोपास कळविणाऱ्या पहिल्या काही लेखकांत गोव्याच्या एका पोर्तुगीज वैद्याचा समावेश होतो. गार्सिया द ओर्ता हे त्यांचे नाव. आज जिला आपण मुंबई म्हणतो, तिचे मूळ बेट काही काळ ह्याच गृहस्थांकडे भाडेपट्ट्याने होते. भारतीय औषधी वनस्पतींविषयी त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगाच्या वैद्यकशास्त्रात मानाचे स्थान मिळवून बसला आहे. पणजीत निष्कलंक मातेच्या चर्चजवळील नगरोद्यानाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

इतका मोठा मनुष्य, परंतु त्यांच्या निधनानंतर बारा वर्षांनी त्यांची हाडे थडग्यातून उकरून काढण्यात आली व जाहीररीत्या जाळण्यात आली. हा निवाडा कोणा परक्या आक्रमकाने दिला नव्हता. तो ख्रिस्तसभेच्या नावाने चालणाऱ्या न्यायालयाने दिला होता. ओर्ता जन्माने यहुदी वंशाचे होते आणि अंतःकरणाने यहुदीच राहिले, हा त्यांच्यावरील आरोप.

ही जीवनकथा सांगताना आम्हांला संकोच वाटतो, हे आम्ही लपवीत नाही. तथापि कुटुंबातील दुःखद गोष्ट झाकून ठेवल्याने ते कुटुंब पवित्र होत नाही. यहुदी बांधवांवर होणारे हल्ले जगात अद्याप थांबलेले नाहीत आणि आपल्या मुंबईनेही त्याचा अनुभव घेतला आहे. अशा वेळी ओर्तांचे जीवन आपल्याला काय शिकविते, ते पाहणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

घराण्याची जखम

सन १४९२ मध्ये स्पेनच्या राजा-राणीने आपल्या राज्यातील यहुद्यांना बाप्तिस्मा किंवा हद्दपारी, यांपैकी एकाची निवड करावयास सांगितले. हजारो कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेली. ओर्तांचे आईवडील त्यांपैकीच होते. सीमेपलीकडील कास्तेलो द व्हिदे नावाच्या डोंगरावरील गावात त्यांनी बिऱ्हाड थाटले.

तेथेही स्वस्थता लाभली नाही. पाच वर्षांत पोर्तुगालच्या राजाने स्पेनच्या राजघराण्याशी सोयरीक जमविली आणि त्या सोयरिकीची किंमत यहुद्यांना मोजावी लागली. १४९७ साली पोर्तुगालमधील यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करण्यात आला. आईबापांच्या कुशीतून लहान मुले काढून घेऊन त्यांना बाप्तिस्मा दिला गेला, म्हणजे मुलांच्या ओढीने आईबापही येतील असा हिशेब होता. सिल्व्हिसचे बिशप फेर्नांदो कुतिन्यु ह्यांनी लोकांना केस धरून बाप्तिस्माकुंडापाशी ओढत नेताना प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे १५३१ साली अशाच एका नवख्रिस्ती आरोपीचा न्याय करण्याची वेळ आली, तेव्हा ह्या वृद्ध बिशपांनी ते काम नाकारले. बळजबरीने दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे त्यांचे मत होते. त्या अंधाऱ्या काळात एका महागुरूंच्या सदसद्‌विवेकाचा हा दिवा तेवत होता, हे आपण विसरू नये.

अशा रीतीने बाप्तिस्मा झालेल्या यहुद्यांना व त्यांच्या वंशजांना नवख्रिस्ती म्हणत. नाव ख्रिस्ती मिळाले, परंतु विश्वास कोणी ठेवला नाही. गार्सिया ह्यांचा जन्म अशाच घरात सुमारे १५०१ साली झाला. ते पाच-एक वर्षांचे असताना, १५०६ च्या पास्काकाळात, लिस्बन शहरात भयंकर कत्तल झाली. अवर्षण आणि रोगराई यांनी लोक गांजलेले होते. चर्चमध्ये दिसलेल्या एका चमत्काराविषयी कोणा नवख्रिस्ती माणसाने शंका घेतली एवढे निमित्त झाले, आणि जमावाने त्यास ठार मारले. काही धर्मगुरूंनीच हाती क्रूस घेऊन जमावाला चिथावणी दिली. तीन दिवसांत सुमारे दोन हजार नवख्रिस्ती मारले गेले. राजाने नंतर अपराध्यांना कठोर शासन केले व चिथावणी देणाऱ्या धर्मगुरूंनाही देहान्त दिला. परंतु मेलेली माणसे परत आली नाहीत, आणि वाचलेल्यांच्या मनातील भय गेले नाही. कास्तेलो द व्हिदेमधील प्रत्येक नवख्रिस्ती घरात ही हकीकत हलक्या आवाजात सांगितली गेली असेल. गार्सिया ह्यांचे बालपण अशा काळात गेले.

विद्याभ्यास आणि प्रयाण

मुलगा बुद्धिमान निघाला. त्याने स्पेनमधील सालामांका व अल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले. १५२३ च्या सुमारास मायदेशी परतून त्याने आपल्या गावी वैद्यकी आरंभिली. नंतर लिस्बनला जाऊन नाव कमावले आणि तेथील विद्यापीठात अध्यापनही केले. मान होता, व्यवसाय होता. तरीही पायाखालची जमीन स्थिर नव्हती. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजेच धर्मसमीक्षण न्यायालय, स्थापन व्हावे म्हणून राजदरबार रोमकडे आग्रह धरीत होता. पोप सातवे क्लेमेंट ह्यांनी १५३३ मध्ये नवख्रिस्तींना सरसकट क्षमा जाहीर करून त्यांना दिलासा देण्याचा प्रयत्न केला, परंतु राजाचा हट्ट सुटला नाही. नवख्रिस्तींना देश सोडून जाण्यास राजाज्ञेने मनाई करण्यात आली होती.

अशा वेळी एक वाट मोकळी झाली. मार्तिम अफोन्सो द सोझा हे मातबर सरदार हिंदी समुद्रातील आरमाराचे प्रमुख म्हणून निघाले होते. त्यांचे खाजगी वैद्य म्हणून ओर्ता मार्च १५३४ मध्ये गलबतावर चढले व त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यास पोचले. दोन वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. ओर्ता वेळेवर निसटले होते. मागे राहिलेल्या बहिणींना मात्र १५४७ साली लिस्बनमध्ये अटक झाली. सुटका झाल्यावर दोघी बहिणी व वृद्ध आई १५४९ मध्ये भावाच्या आश्रयाला गोव्यात आल्या. बहिणींपैकी एकीचे नाव कातारिना होते. तिचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

वसई, अहमदनगर आणि मुंबई बेट

ओर्ता गोव्यात पोचले त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा तह करून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांस दिली. वांद्रे, अंधेरी, बोरिवली ह्या परिसरातील आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्याचा आरंभ ह्याच दशकांतला. म्हणजे आपल्या धर्मग्रामांचा पाया घातला जात होता, तेव्हा ओर्ता ह्याच किनाऱ्यावर वावरत होते. सोझांच्या मोहिमांत ते त्यांच्यासोबत असत. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांची माहिती त्यांनी आपल्या ग्रंथात दिली ती ह्याच संचाराचे फळ होय.

गोव्यात त्यांची वैद्यकी भरभराटीस आली. अनेक राज्यपाल व व्हाईसरॉय ह्यांचे ते वैद्य होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांचा स्नेह जुळला. तेथील दरबारात ते जाऊन राहिले, शहावर उपचार केले आणि दरबारातील हकिमांशी चर्चा करून अनेक औषधांची दख्खनी व अरबी नावे शिकून आले. यहुदी वंशाचा ख्रिस्ती वैद्य मुसलमान राजाच्या उशाशी बसून औषध देत आहे, हे दृश्य आपल्या महाराष्ट्राच्या भूमीने पाहिले आहे.

त्यांच्या सेवेचे बक्षीस म्हणून १५५४ च्या सुमारास व्हाईसरॉय पेद्रो मास्करेन्यस ह्यांनी मुंबईचे बेट त्यांना कायम भाडेपट्ट्याने दिले. वर्षाकाठी भरावयाची रक्कम सुमारे १४३२ पर्दाव होती. आजच्या फोर्ट भागात, बंदराच्या काठी, बेटाच्या धन्याचे दगडी घर होते. पुढे इंग्रजांनी त्याच जागेभोवती बॉम्बे कॅसल उभारला. ह्या बेटावर आपल्या मालकीचे, वर्षातून दोनदा फळ देणारे एक आंब्याचे झाड आहे, असे ओर्तांनी मोठ्या कौतुकाने नमूद केले आहे. ज्यांच्या आईवडिलांना पायापुरतीही भूमी राहिली नव्हती, त्यांना आपल्या एका झाडाचे एवढे कौतुक का वाटावे, हे समजणे कठीण नाही.

जगाला दिलेली देणगी

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातील छापखान्यातून ओर्तांचा ग्रंथ बाहेर पडला. भारतातील औषधी द्रव्यांविषयी दोन वैद्यांमधील संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. भारतात छापखाना येऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. दालचिनी, जायफळ, मिरी, कापूर, हिंग, आंबा, फणस अशा नित्याच्या वस्तूंपासून अफू-भांगेपर्यंत अनेक द्रव्यांचे गुणधर्म त्यांत सांगितले आहेत. पटकीच्या रोगाचे एका युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष पाहून केलेले अगदी आरंभीचे वर्णन ह्याच ग्रंथात आहे. पोर्तुगालचे महाकवी कामोइंश ह्यांची कविता प्रथम छापली गेली तीही ह्याच पुस्तकात. क्लुसियस ह्या विद्वानाने १५६७ मध्ये लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला आणि ओर्तांची कीर्ती युरोपभर पसरली.

ह्या ग्रंथाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सत्याविषयीचा निर्भयपणा. प्राचीन ग्रीक वैद्यांनी अमुक लिहिले म्हणून ते खरे, असे ओर्ता मानीत नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, स्थानिक वैद्यांना विचारून ताडून घेतलेले, तेच ते सांगतात. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा सल्ला ते आदराने नोंदवितात. घरातील अंतोनिया ही दासी बागेतून पाने-मुळे आणून दाखविते, तिचेही नाव ग्रंथात आले आहे. युरोपात असताना गॅलनसारख्या प्राचीन आचार्याविरुद्ध बोलण्याचे धाडस आपण केले नसते, अशी कबुलीही ते देतात. झाडापाल्याविषयी निर्भयपणे सत्य बोलणाऱ्या ह्या पुरुषाला स्वतःच्या अंतःकरणाविषयी मात्र एक शब्दही उच्चारता येत नव्हता.

छत्र आणि त्याची मर्यादा

ओर्तांना जिवंतपणी कोणी हात लावला नाही. ह्याचे कारण त्यांच्यावर मोठ्यांचे छत्र होते. जे अधिकारी त्यांना अटक करू शकले असते, त्यांचीच नाडी ओर्ता पाहत असत. परंतु हे छत्र एका माणसापुरते होते. १५४३ साली जेरोनिमो दियश नावाच्या दुसऱ्या एका नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात यहुदी मतांच्या आरोपावरून मृत्युदंड देऊन जाळण्यात आले. त्या वेळी गोव्याचे राज्यपाल कोण होते? ओर्तांचे आश्रयदाते मार्तिम अफोन्सो द सोझा हेच! आपल्या वैद्याला त्यांनी सांभाळले. दुसऱ्याच्या वैद्याला सांभाळण्याची गरज त्यांना वाटली नाही. ती आग धुमसत असताना ओर्ता कोणत्या मनःस्थितीत रुग्ण तपासावयास गेले असतील, ह्याची कल्पना करताना आमचे मन विषण्ण होते.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. ज्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपण श्रद्धेने गुडघे टेकतो, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीही १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून गोव्यात इन्क्विझिशन असावे अशी मागणी केली होती. संतांचे आत्मसमर्पण, गोरगरिबांवरील त्यांची माया आणि त्यांचे प्रेषितकार्य ह्यांबद्दलचा आमचा आदर ह्यामुळे कमी होत नाही. परंतु संतसुद्धा आपल्या काळाची मुले असतात आणि त्यांचीही दृष्टी काही बाबतीत झाकोळलेली असू शकते, हा धडा आपण नम्रपणे घ्यावयास हवा.

१५६० साली, संत झेवियर ह्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६५ साली तर यहुदी धर्माचे खंडन करणारे एक पुस्तक गोव्यातच छापून प्रसिद्ध झाले. दोन वर्षांपूर्वी ज्या नगरात ओर्तांचा ज्ञानग्रंथ छापला गेला, त्याच नगरात आता छापील अक्षरे यहुद्यांविरुद्ध उभी राहत होती.

१५६८ मध्ये ओर्ता निवर्तले आणि छत्र मिटले. त्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला अटक झाली. चौकशीत तिच्या तोंडून भावाच्या श्रद्धेविषयीचे जबाब घेण्यात आले. मोशेच्या नियमशास्त्रावर त्याचा विश्वास होता, हे नोंदले गेले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जाळण्यात आले. पुढे ४ डिसेंबर १५८० रोजी ओर्तांची हाडे उकरून त्यांनाही अग्नी देण्यात आला. त्यानंतर कित्येक शतके त्यांचा ग्रंथ गाजत राहिला, परंतु ग्रंथकर्त्याच्या घराण्याची ही कथा विस्मरणात गेली. विसाव्या शतकात लिस्बन येथील जुन्या दप्तरांचा अभ्यास झाला, तेव्हा ती उजेडात आली.

त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर

ओर्ता निवर्तले ते १५६८ हे वर्ष आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गोव्याच्या दक्षिणेस, कोचीन येथे, पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळलेल्या यहुद्यांना तेथील हिंदू राजाने आश्रय दिला. नुसता आश्रय दिला नाही, तर आपल्या राजवाड्याला लागून सभास्थानासाठी जागा दिली. १५६८ साली तेथे परदेशी सिनेगॉग उभे राहिले. ते आजही उभे आहे. राजवाड्याच्या भिंतीला लागून सभास्थान बांधू देणे ह्याचा अर्थ काय होतो? तुमच्या भिंतीवर पडणारा घाव माझ्या भिंतीवर पडेल, असे जगाला सांगणे.

इकडे मुंबई बेटासमोरच्या कोकणपट्टीत, आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत, बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवून राहत होता. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी त्यांची गावावरून पडलेली आडनावे, मराठी ही त्यांची मातृभाषा. शेजाऱ्यांनी त्यांचा शब्बाथ पाहिला, त्याला एक नाव दिले आणि त्यांना आपल्यात राहू दिले. पुढे हा समाज मुंबईत आला व १७९६ साली मांडवी भागात त्यांनी आपले पहिले सभास्थान बांधले. ओर्तांच्या मालकीच्या ह्याच बेटावर, त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोनशे वर्षांनी, यहुद्यांची प्रार्थना उघडपणे होऊ लागली.

एकाच किनाऱ्यावरील ह्या दोन प्रकारच्या हकीकती आम्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. ओर्तांचे संरक्षण एका बलिष्ठ माणसाच्या मर्जीवर अवलंबून होते, म्हणून ते त्यांच्या देहाबरोबर संपले. कोचीनच्या व कोकणच्या यहुद्यांचे संरक्षण शेजाऱ्यांच्या धर्मबुद्धीवर उभे होते, म्हणून ते टिकले.

आग आपल्याही दारी आली

यहुद्यांवरील अन्यायाशी आपल्या पूर्वजांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने आरंभी नवख्रिस्ती यहुद्यांना लक्ष्य केले. ते थोडे होते, लवकरच संपले. परंतु न्यायालय संपले नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्यापुढे उभे राहणारे बहुसंख्य आरोपी हे येथील भूमिपुत्र ख्रिस्ती होते. जुन्या चालीरीती पाळल्या, लग्नकार्यात पूर्वापार रिवाज केला, अशा कारणांसाठी त्यांच्यावर खटले चालले. वसई व साष्टीचा प्रदेशही त्याच न्यायालयाच्या अमलाखाली होता. १८१२ साली ते कायमचे बंद होईपर्यंत सुमारे १६ हजार खटले त्याने चालविले.

एका लहान समाजाला चिरडण्यासाठी उभारलेले यंत्र पुढे सर्वांच्याच दारात येऊन बसते. यहुद्याच्या घराला लागलेली आग विझविण्यास आपण गेलो नाही, तर ती आपल्या गल्लीत येण्यास फार वेळ लागत नाही. इतिहासाने हे आपल्याच पूर्वजांच्या बाबतीत सिद्ध केले आहे.

ख्रिस्तसभेचे हृदयपरिवर्तन

परमेश्वराची कृपा अशी की, ख्रिस्तसभा त्या मार्गावर राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूल येथे पोपमहोदयांचे प्रतिनिधी असलेले आर्चबिशप आंजेलो रोंकाली ह्यांनी नाझींच्या तावडीतून पळणाऱ्या यहुद्यांना साहाय्य केले. तेच पुढे पोप तेविसावे योहान झाले. यहुद्यांना हिणविणारा शब्द त्यांनी १९५९ साली उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेतून काढून टाकला. त्यांनी बोलाविलेल्या द्वितीय व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसृत केला. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांच्या माथी मारता येणार नाही, तसेच यहुद्यांविरुद्धचा द्वेष व छळ, तो कोणीही व केव्हाही केलेला असो, ख्रिस्तसभेला निषिद्ध आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. कातारिना जाळली गेली तोही ऑक्टोबरचाच अखेरचा आठवडा होता. मध्ये जवळजवळ चारशे वर्षे लोटली होती.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८६ मध्ये रोमच्या सिनेगॉगला भेट दिली. १२ मार्च २००० रोजी, ज्युबिली वर्षात, ख्रिस्तसभेच्या पुत्रांनी केलेल्या पापांबद्दल त्यांनी जाहीर क्षमायाचना केली. इस्राएल प्रजेवरील अन्यायाचा त्यांत स्वतंत्र उल्लेख होता. त्याच महिन्यात जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत त्यांनी क्षमेची प्रार्थना लिहिलेला कागद ठेवला. पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस ह्यांनी १९८९ साली आपल्या देशाच्या वतीने यहुद्यांची क्षमा मागितली. ती क्षमा त्यांनी कास्तेलो द व्हिदे येथे, म्हणजे ओर्तांच्या जन्मगावी मागितली.

आपले कर्तव्य

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाऊस ह्या यहुदी केंद्राची खास निवड करण्यात आली होती. तेथील धर्मोपदेशक रब्बी, त्यांची पत्नी आणि आणखी चार जण यहुदी म्हणून मारले गेले. त्यांचा जेमतेम दोन वर्षांचा मुलगा वाचला, कारण त्याच्या आयाने स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता त्याला छातीशी धरून बाहेर आणले. २०१८ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या प्रार्थनेसाठी जमलेल्या ११ जणांचा बळी गेला. सिनेगॉगच्या दारावर आज पोलीस पहारा असतो. तो आवश्यकच आहे. परंतु पोलीस दार राखू शकतात. अंतःकरण राखण्याचे काम आपले आहे.

मुलुंडच्या पुढचे स्थानक ठाणे. तेथे १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आहे आणि मुंबई-ठाण्याच्या उपनगरांत बेने इस्राएल कुटुंबे आजही राहतात. बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. उरलेले काही हजार आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांची मुले आपल्या शाळांत शिकली, आपली मुले त्यांच्या शिक्षकांच्या हाताखाली शिकली. त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

आम्हांला काही साध्या गोष्टी सुचतात. पहिली गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गातील. प्रभू येशू, मारियामाता, संत योसेफ आणि सर्व प्रेषित यहुदी होते, हे मुलांना पहिल्या इयत्तेपासून सांगितले पाहिजे. उपवासकाळात दुःखसहनाची कथा वाचताना यहुदी हा शब्द शिवीसारखा उच्चारला जाणार नाही, ह्याची काळजी घेतली पाहिजे. दुसरी गोष्ट भ्रमणध्वनीवरील संदेशांची. जगातील प्रत्येक अरिष्टामागे यहुदी आहेत, असे सांगणारा मजकूर आला, तर तो पुढे न पाठविता तेथेच थांबवावा. १५०६ साली लिस्बनमध्ये एक अफवा पुरली होती. तिसरी गोष्ट न्यायबुद्धीची. पश्चिम आशियातील युद्धात मरणाऱ्या प्रत्येक निरपराध बालकासाठी, मग ते पॅलेस्टिनी असो वा इस्राएली, आपले हृदय कळवळलेच पाहिजे. परंतु त्या युद्धाचा जाब ठाण्याच्या शेजाऱ्याला विचारणे हा अन्यायच होय. चौथी गोष्ट शेजारधर्माची. जवळपासच्या सिनेगॉगला धर्मग्रामाच्या युवकांनी पूर्वसूचना देऊन भेट द्यावी, सणाच्या दिवशी शुभेच्छा कळवाव्यात, आणि त्यांच्या दफनभूमीला किंवा प्रार्थनास्थळाला कोणी धक्का लावला, तर निषेध करण्यास आपण प्रथम उभे राहावे. कोचीनच्या राजाने आपली भिंत सभास्थानाशेजारी उभी केली, तसे आपणही उभे राहावे.

गार्सिया द ओर्ता ह्यांना थडगे उरले नाही. त्यांचा ग्रंथ मात्र उरला आहे. दोघे वैद्य मोकळेपणाने बोलत आहेत, प्रश्न विचारीत आहेत, कोणी कोणाला भीत नाही, असे त्यात चित्रित केले आहे. प्रत्यक्ष जीवनात जे मोकळे संभाषण त्यांना लाभले नाही, ते त्यांनी कागदावर उतरविले, असे आम्हांला वाटते. तसे निर्भय संभाषण आपल्या शेजाऱ्यांना आपल्याबरोबर करता यावे, ही ह्या वैद्यराजाला वाहिलेली खरी श्रद्धांजली ठरेल.

येत्या मृतभक्तांच्या दिनी, २ नोव्हेंबरला, आपण दफनभूमीत आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावू. त्या वेळी एक मेणबत्ती गार्सिया व कातारिना ह्या भावाबहिणीसाठी लावावी, अशी आम्ही वाचकांना नम्र विनंती करतो. आब्राहाम, इसहाक आणि याकोब ह्यांचा देव तोच आपलाही देव आहे. त्याने त्यांस शांती द्यावी आणि आपल्याला शेजाऱ्याच्या दारात उभे राहण्याचे धैर्य द्यावे. आमेन.